मॉल झकास, फूड कोर्ट ठीकठाक, फायर अलार्मला एक स्टार

ज्यांना फक्त जायचं की नाही एवढंच हवंय त्यांच्यासाठी आधी पटकन. पुण्याच्या पश्चिमेकडचा मॉल आहे, नाव टाकत नाही कारण नाव टाकलं की सगळं त्या एकट्यावर जाईल आणि बाकीचे मॉलवाले सुटतील. पार्किंग मोठं, रॅम्पवर गाडी घासत नाही. एसी व्यवस्थित. वॉशरूम रविवारी संध्याकाळीसुद्धा स्वच्छ, हे विशेष. फूड कोर्टात साउथ इंडियनवाल्याकडचा डोसा चांगला, पावभाजी महाग पण बटर सढळ हाताने, चायनीजच्या वाटेला जाऊ नका. एवढ्यावर मी चार स्टार देऊन मोकळा झालो असतो, पण शनिवारी संध्याकाळी ऐन गर्दीत तिथे फायर अलार्म वाजला आणि अख्ख्या फूड कोर्टात कुणी खुर्चीसुद्धा मागे सरकवली नाही. तेव्हा हे परीक्षण डोशाचं नाही, अलार्मचं आहे.

माझी पार्श्वभूमी सांगतो म्हणजे कळेल मी एवढा का पेटलोय (सॉरी). मी बरीच वर्षं फायर अलार्मच्या एएमसीचं, म्हणजे वार्षिक देखभालीच्या कंत्राटाचं काम केलंय. म्हणजे शिडीवर चढून डिटेक्टर खोलायचे, ब्लोअर मारून धूळ काढायची, स्प्रे मारून टेस्ट करायचे, पॅनलच्या (सगळे डिटेक्टर जोडलेला कंट्रोलचा डबा) बॅटऱ्या बघायच्या, रजिस्टरवर सही घ्यायची. आता ते काम सोडलं पण सवय गेली नाही, कुठेही गेलो तरी माझी नजर आधी छताकडे जाते, बायकोला याचा प्रचंड वैताग आहे. त्या दिवशीही बसायच्या आधीच मला दिसलं होतं की आमच्या टेबलाच्या वरच्या डिटेक्टरवर अजून प्लास्टिकची टोपी तशीच आहे. नवीन माल लावला की किंवा रंगकाम चालू असलं की धूळ जाऊ नये म्हणून ती टोपी लावतात आणि काम झालं की काढायची असते. ती काढलेली नाही म्हणजे तो डिटेक्टर तिथे फक्त शोभेला आहे, खाली होळी पेटवली तरी त्याला पत्ता लागणार नाही.

तर अलार्म वाजला. आवाजाला पूर्ण मार्क, कानठळ्या बसत होत्या. आमच्या शेजारच्या टेबलावरच्या आजींनी कानावर हात ठेवले, त्यांच्या सुनेने बाळाला पोटाशी धरलं, पलीकडे कॉलेजची पोरं होती त्यांनी एकमेकांकडे बघून हसून घेतलं आणि मोबाइलवर व्हिडिओ काढायला सुरुवात केली, आणि काउंटरवरच्या स्क्रीनवर टोकन नंबर एकामागून एक येतच होते आणि लोक उठून आपापल्या प्लेटा आणायला जात होते. म्हणजे लोक हलत होते, पण जेवणाकडे. मॉलची गाणीसुद्धा चालू होती, एकीकडे हूटर आणि एकीकडे गाणं. मेव्हणा म्हणाला, "भाऊजी बसा हो, टेस्टिंग असेल." शनिवारी संध्याकाळी आठ वाजता कोण टेस्टिंग करतं? मी उठून गार्डकडे गेलो तर तो म्हणाला "कुछ नहीं सर, टेस्टिंग है." त्याचा वॉकीटॉकी कमरेला, आवाज बंद. मग सुपरवायझर सापडला, तो मराठी, तो जरा खरं बोलला. "काका, किचनमधला धूर असतो हो, रोजचंच आहे, वाजतो आणि बंद होतो."

रोजचंच आहे!!

आता लोक अलार्म ऐकून का उठत नाहीत यावर चर्चा निघाली की "आपल्या लोकांना शिस्तच नाही" हे एक वाक्य फेकून सगळे मोकळे होतात. मला ते अजिबात पटत नाही. त्या फूड कोर्टात बसलेले लोक बेअक्कल नव्हते, उलट ते अनुभवाने वागत होते. त्यांनी आजवर मॉलमध्ये, ऑफिसमध्ये, हॉस्पिटलमध्ये जेवढ्या वेळा हा आवाज ऐकलाय तेवढ्या वेळा तो दोन मिनिटांनी आपोआप गप्प झालाय आणि कुठेही आग नव्हती. लांडगा आला रे आला ची गोष्ट आपल्याला शाळेपासून माहितीये, फक्त त्यात ओरडणारं पोर एक होतं, इथे ओरडायला कंट्रोल रूममधलं पॅनल आहे आणि त्याला खोटं ओरडायला बिल्डिंगवाल्यांनीच लावलंय.

लावलंय म्हणजे कसं, ते सांगतो, हा माझ्या आवडीचा भाग आहे. स्मोक डिटेक्टरला धूर आणि धूर नसलेलं काहीतरी यातला फरक कळत नाही. फोडणीचा धूर, तंदूरचा धूर, डोशाच्या तव्यावर पाणी मारल्यावर उठणारी वाफ, गणपतीतला धूप, पेस्ट कंट्रोलचा फवारा, पीओपी घासल्याची धूळ, आणि पावसाळ्यात तर बारीक किडे आत शिरून बसतात, ह्या सगळ्याने तो वाजतो. म्हणून किचनमध्ये आणि किचनच्या तोंडाशी स्मोकचा डिटेक्टर लावायचा नसतो, तिथे हीटचा लावायचा, तो तापमान वाढल्यावरच वाजतो. हे काही रॉकेट सायन्स नाही, या लाइनमध्ये महिनाभर काढलेल्या पोरालाही माहीत असतं. पण होतं काय, बिल्डिंग बांधताना त्या जागी कपड्यांचं दुकान धरलेलं असतं, नंतर तिथे तंदूरवाला येतो, ड्रॉइंग कुणी बदलत नाही, डिटेक्टर तोच. मग तो दर संध्याकाळी वाजतो. मग पॅनलसमोर बसलेला माणूस आधी हूटर म्यूट करतो, मग बघायला पाठवतो, मग रिसेट मारतो, मग काही दिवसांनी बघायला पाठवणंही बंद होतं, मग तो झोनच आयसोलेट करून ठेवतो, म्हणजे तेवढ्या भागाचे डिटेक्टर पॅनलवरून बंदच. मी अशी पॅनलं पाहिलीत की ज्यावर काहीतरी बंद किंवा बिघडलंय सांगणारा पिवळा लाइट इतके महिने चालू असतो की तिथल्या लोकांना वाटतं तो तसाच असतो. हे सगळं ग्राहकाला दिसत नाही, त्याला फक्त आवाज ऐकू येतो आणि थांबतो, आणि त्यातून तो जे शिकायचं ते शिकतो.

म्हणून एक स्टार अलार्मच्या मशीनला नाहीच आहे. मशीन चांगलं वाटलं, सुपरवायझर म्हणाला पॅनलवर नेमका कुठला डिटेक्टर ते नंबरासकट येतं, म्हणजे अ‍ॅड्रेसेबल आहे, महागातलं आहे. एक स्टार त्याच्यानंतर माणसांनी जे करायचं होतं त्याला आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे सगळे एकमेकांकडे बघतात. हे मी त्या दिवशी उभा राहून नीट बघितलं. हूटर सुरू झाला की पहिले काही सेकंद प्रत्येकाने मान वर केली, छताकडे नाही, शेजारच्या टेबलाकडे. शेजारचा खातोय ना? मग आपणही खाऊ. आणि शेजारचा आपल्याकडे बघून तेच ठरवत होता. यावर १९६८ साली न्यूयॉर्कमध्ये लाताने आणि डार्ली या दोन मानसशास्त्रज्ञांनी एक भन्नाट प्रयोग केला होता, कॉलेजच्या मुलांना खोलीत फॉर्म भरायला बसवायचं आणि भिंतीतल्या झरोक्यातून हळूहळू धूर सोडायचा. मुलगा एकटा असला तर शंभरातले ७५ जण उठून बाहेर जाऊन सांगायचे की अहो धूर येतोय. पण बरोबर दोन पढवलेली माणसं बसवली, जी धूर बघूनही खांदे उडवून फॉर्म भरत राहतात, तर शंभरातले फक्त १० उठले. बाकीचे डोळे चोळत, खोकत, हाताने धूर बाजूला करत फॉर्म भरत बसले! आणि हे धूर दिसत असताना. आपल्याकडे तर धूरही नव्हता, नुसता आवाज होता. आमच्या फूड कोर्टात पढवलेल्या माणसांचं काम कुणी केलं माहितीये का, काउंटरवरच्या स्टाफने. युनिफॉर्म घातलेला माणूस शांतपणे उत्तप्पा उलटतोय म्हटल्यावर कोण उठेल.

आणि पैसे दिलेले असतात हो. हे कुणी बोलत नाही पण खरं कारण बऱ्याचदा हेच असतं. टेबल मिळवायला वीस मिनिटं घिरट्या घातलेल्या, कार्ड स्वाइप झालेलं, टोकन हातात, पुढचा नंबर आपला. उठलो तर टेबल गेलं, जेवण गेलं, आणि बाहेर जाऊन कळलं की काही नव्हतंच तर वर बायकामुलांसमोर हसं. मँचेस्टरला १९७९ च्या मे महिन्यात वूलवर्थ्सच्या दुकानात फर्निचरच्या विभागात आग लागली, त्याच मजल्यावर त्यांचं रेस्टॉरंट होतं. फोमच्या सोफ्यांचा तो धूर, मिनिटांत मजला भरला. १० माणसं गेली, आणि नंतर चौकशीत निघालं की रेस्टॉरंटमधले काही लोक ताटातलं संपवत होते, काही पैसे द्यायच्या रांगेत उभे होते. साहेबांच्या देशात, रांगेत. तेव्हा शिस्तीचं नका सांगू मला.

बरं मग लोक उठतात कशाने? तर सांगितल्याने. इंग्लंडमध्येच न्यूकॅसलच्या मेट्रोच्या एका स्टेशनवर गिलेन प्रू ही कॅनडात काम केलेली बाई आणि जोनाथन साइम या संशोधकांनी खऱ्या प्रवाशांवर चाचण्या घेतल्या होत्या. नुसती बेल वाजवली तेव्हा लोक हलायलाच आठ-नऊ मिनिटं गेली आणि काही जण शेवटपर्यंत उभेच. आणि कंट्रोल रूममधून माणसाने कॅमेऱ्यात बघून माइकवर सरळ सांगितलं की अमुक ठिकाणी असं झालंय, तुम्ही अमुक बाजूने बाहेर पडा, तेव्हा लोक लगेच चालायला लागले. तेच स्टेशन, तसेच प्रवासी. माणूस सांगतो तेव्हा त्यात तीन गोष्टी येतात, काय झालंय, कुठे झालंय, तू काय करायचंस. हूटर यातलं काहीही सांगत नाही, तो नुसता बोंबलतो. आणि बोंबलणाऱ्या गोष्टी आपल्याकडे काय कमी आहेत? आमच्या टेबलावरच एकाला वाटलं पार्किंगमधल्या गाडीचा सायरन आहे, भाचीला वाटलं गेम झोनमध्ये कुणीतरी जॅकपॉट मारला. तसा आगीच्या अलार्मचा म्हणून एक आंतरराष्ट्रीय ठेका ठरलेला आहे, अर्धा-अर्धा सेकंदाचे तीन टोले, मग दीड सेकंद गप्प, परत तीन. पण तो आपल्याकडे किती जणांनी ऐकलाय, आणि ऐकलाय त्यातल्या किती जणांना कुणी सांगितलंय की हा ऐकला की उठायचं?

लोकांना वेळेवर न सांगणं ही तर आपली जुनी बिमारी. दिल्लीचं उपहार थिएटर, १३ जून १९९७, खाली पार्किंगमधल्या ट्रान्सफॉर्मरला आग लागली, धूर वर बाल्कनीत चढला, आणि प्रेक्षकांना बाहेर पडा म्हणून कुणीही अनाउन्स केलं नाही, पडद्यावर सिनेमा चालूच होता. ५९ माणसं गेली, बरीचशी बाल्कनीतली, गुदमरून. याच्या उलट अमेरिकेत केंटकीमध्ये १९७७ साली बेव्हर्ली हिल्स सपर क्लबला आग लागली तेव्हा तिथे टेबलं साफ करणारा वॉल्टर बेली नावाचा १८ वर्षांचा पोरगा थेट स्टेजवर चढला, कॉमेडियनच्या हातातून माइक घेतला आणि सांगितलं की आग लागलीये, दारं तिकडे आणि तिकडे आहेत, शांतपणे निघा. काहींना तोही कार्यक्रमाचाच भाग वाटला, बसून राहिले. १६५ लोक वारले त्या आगीत, पण शेकडो बाहेर पडले ते त्या पोराच्या एका अनाउन्समेंटमुळे. त्याला कुणी ट्रेनिंग दिलेलं नव्हतं. आमच्या मॉलच्या माइकवरून दर दहा मिनिटांनी "सेलचा लाभ घ्या" चालू होतं, मराठी हिंदी इंग्रजी तिन्ही भाषांत, आवाज एकदम स्पष्ट. म्हणजे स्पीकर उत्तम आहेत, त्याला वेगळा एक स्टार द्यायला हवा खरं तर.

हे आपल्याकडे जमत नाही असंही नाही. मागे एका नाट्यगृहात (सरकारी, जुनं, खुर्च्या मोडक्या) पहिला अंक चालू असताना जळका वास यायला लागला. दोन मिनिटांच्या आत पडदा पाडला, हाउसलाइट लावले आणि तिथले व्यवस्थापक स्वतः पडद्यासमोर येऊन म्हणाले, "मंडळी, एसीच्या मोटरला वास येतोय, काळजीचं कारण नाही पण सगळ्यांनी बाहेर या, उजवीकडची दोन्ही दारं उघडलीत, तिकिटं जपून ठेवा, प्रयोग पूर्ण होणार आहे." सगळं थिएटर चालत बाहेर, आजीआजोबांसकट, चेंगराचेंगरी नाही काही नाही. त्यातलं तिकिटं जपून ठेवा हे वाक्य मला सगळ्यात आवडलं. माणूस कशासाठी बसून राहतो हे त्यांना बरोबर माहीत होतं. नंतर प्रयोग झालाही. अलार्म वगैरे काहीही वाजला नव्हता हां तिथे, असेल की नाही शंकाच आहे.

परत मॉलकडे. मी तेवढ्यात फायर एक्झिटचा जिना बघून आलो. हिरवा बोर्ड आहे, दिवा लागतोय, दार उघडतंय, इथवर छान. आत पहिल्याच लँडिंगवर खोके, तुटलेल्या खुर्च्या, मॉपच्या बादल्या आणि एका कोपऱ्यात कुणाचा तरी डबा. मुंबईत कमला मिल्समधल्या पबच्या आगीत २९ डिसेंबर २०१७ ला १४ जण गेले, त्यातले बरेच वॉशरूममध्ये सापडले, कारण बाहेरचा रस्ताच सापडला नाही. आणि गंमत अशी की रस्ता रिकामा असला तरी लोक तिकडे जात नाहीत, ज्या दाराने आत आले त्याच दाराने बाहेर जातात, म्हणजे आपल्या मॉलमध्ये एस्कलेटरकडे. शिवाय त्याच्याही आधी माणूस आपली माणसं गोळा करतो. पोरगा गेम झोनमध्ये, नवरा बुटांच्या दुकानात, सासूबाई वॉशरूमला, अशा बाईला तुम्ही कितीही सायरन ऐकवा, ती जिन्याकडे जाणार नाही, ती आधी पोराकडे जाणार. मॉलवाल्यांनी हे धरूनच चालायला पाहिजे, गेम झोनच्या पोरीने माइकवर सांगितलं की मुलं आमच्याबरोबर अमुक गेटला आणतोय तर निम्मे आईबाप सरळ खाली जातील.

मॉक ड्रिल होतं का विचारलं तर म्हणे होतं ना, दरवर्षी अग्निशमन सेवा सप्ताहात. १४ ते २० एप्रिल, मुंबईच्या गोदीत १९४४ साली फोर्ट स्टिकीन जहाजाचा स्फोट झाला त्यात अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले, त्यांच्या आठवणीत हा सप्ताह पाळतात. आणि ड्रिल कधी, तर मॉल उघडायच्या आधी सकाळी, फक्त स्टाफ, जॅकेट घालून फोटो. दुकानातल्या मुलामुलींना विचारलं तर त्यातली एक म्हणाली, "मी मे मध्ये जॉइन झाले ना दादा." दुकानातली पोरं दर काही महिन्यांनी बदलतात आणि ड्रिल वर्षातून एक, मग हिशोब तुम्हीच करा.

मग मी घरी येऊन मॉलच्या कस्टमर केअरला सविस्तर मेल टाकला. सभ्य भाषेत. फूड कोर्टात कुठले डिटेक्टर बदलायला हवेत, टोपी कुठल्या टेबलाच्या वरची काढायची आहे, अलार्म आला की गाणी आपोआप बंद होऊन मराठीत आणि हिंदीत रेकॉर्ड केलेली सूचना सुरू व्हायला हवी, खोटा अलार्म असेल तरी दोन मिनिटांत माइकवर येऊन सांगा की अमुक काउंटरच्या धुरामुळे वाजला होता, आता बसा, म्हणजे पुढच्या वेळी लोक निदान तुमच्या आवाजाची वाट बघतील. आणि शेवटी विचारलं की महाराष्ट्राच्या २००६ च्या फायर सेफ्टी कायद्याप्रमाणे दर जानेवारी आणि जुलैत लायसन्सवाल्या एजन्सीकडून यंत्रणा चालू असल्याचा फॉर्म बी घ्यावा लागतो, तो मॉलच्या दारावर लावाल का, आम्हालाही दिसू दे. लावायचं बंधन आहे म्हणून नाही, आम्ही पोरंबाळं घेऊन येतो म्हणून.

उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं, त्या बाबतीत सर्व्हिस एक नंबर. गैरसोयीबद्दल दिलगिरी, आमच्या टेक्निकल टीमला अलार्मचा आवाज कमी करायला सांगितलंय, आणि सोबत फूड कोर्टचं २०० रुपयांचं कूपन. चायनीजवाल्याकडेच चालतं ते.